मदत-प्रणालीच्या प्रकल्प नोंदी: एकाच मजकुरातून सीएचएम आणि क्यूसीएच

६ जानेवारी

काम असं आहे. आमच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची मदत अजून विनहेल्पच्या जमान्यातली आहे, एचएलपी फाइल. १९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेला हा प्रकार व्हिस्टापासून विंडोजमधून गेला. पुढे काही आवृत्त्यांसाठी ती फाइल दाखवणारा प्रोग्राम वेगळा डाउनलोड करता यायचा, विंडोज १० साठी तोही नाही. म्हणजे आज एफ१ दाबणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ठरलं ते असं: मजकूर एकदाच साध्या एचटीएमएलमध्ये लिहायचा आणि त्यातून दोन गोष्टी बांधायच्या. विंडोजसाठी सीएचएम (विनहेल्पनंतरची, एका फाइलीत बांधलेली एचटीएमएल मदत), आणि क्यूटी या सॉफ्टवेअर-चौकटीवर चाललेल्या नव्या आवृत्तीसाठी क्यूसीएच, म्हणजे क्यूटीची मदत-फाइल. "आता सीएचएम कोण करतं?" हा प्रश्न बैठकीत आलाच. उत्तर असं की आमचे बरेच वापरकर्ते इंटरनेट नसलेल्या यंत्रांवर बसतात. त्यांना एकच फाइल, आत शोध, आणि एफ१ दाबल्यावर नेमकं पान एवढं हवं असतं. सीएचएम हे तिन्ही देतं आणि ते उघडणारा एचएच हा प्रोग्राम विंडोजमध्ये अजूनही असतो.

७ जानेवारी

विनहेल्पची जुनी प्रकल्प फाइल, एचपीजे, उघडून वाचली. विनहेल्पचा मजकूर आरटीएफमध्ये आणि सगळी जादू तळटिपांत. हॅश चिन्हाची तळटीप म्हणजे पानाची ओळख, डॉलरची म्हणजे शीर्षक, के अक्षराची म्हणजे सूचीतले शब्द, अधिक चिन्हाची म्हणजे पानांचा क्रम. दुवा द्यायचा तर शब्दाखाली दुहेरी रेघ आणि लगेच पुढे लपवलेल्या अक्षरांत लक्ष्याची ओळख. ज्यांनी हे शेकडो पानांवर हाताने केलं त्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

यातलं खरं मोल हॅशच्या ओळखींना आणि एचपीजेमधल्या मॅप विभागाला आहे. प्रोग्रामचा कोड मदतीला हाक मारतो ती मॅपमधल्या आकड्यांनी. ते आकडे बदलले तर प्रत्येक डायलॉगचा कोड बदलावा लागेल, आणि विकासकांना ते नको आहे. मलाही.

सीएचएम बांधणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एचटीएमएल हेल्प वर्कशॉपमध्ये विनहेल्पचा प्रकल्प रूपांतरित करण्याची सोय आहे. चालवून पाहिली. पानं सुटी होतात, अनुक्रमणिका आणि सूचीही बनते, पण एचटीएमएल फॉन्ट टॅगांनी बरबटलेलं येतं. त्यातून फक्त ओळख, शीर्षक आणि आकडा यांची यादी घ्यायची आणि मजकूर स्वच्छ साच्यात पुन्हा ओतायचा.

९ जानेवारी

फोल्डरची मांडणी. प्रकल्प फाइल सगळ्यात वरच्या फोल्डरात, पानं आणि चित्रं तिच्या खालच्या फोल्डरांत. कुठलाही मार्ग दोन टिंबांनी वर चढणार नाही, हा नियम. बांधलेली फाइल वेगळ्या फोल्डरात. फाइलींची नावं लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा नाही, हॅश तर मुळीच नाही.

१२ जानेवारी

एचएचपी, म्हणजे सीएचएम कशी बांधायची ते सांगणारी प्रकल्प फाइल, हाताने लिहिली. वर्कशॉपच्या खिडकीत टिचक्या मारूनही ती तयार होते, पण मग कोणती खूण कुणी कधी केली हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. मुळात ती साधी मजकूर फाइल आहे, आयएनआय धाटणीची: चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली बरोबरच्या चिन्हाने जोडलेल्या ओळी. नोटपॅडमध्ये वाचता येते आणि आवृत्ती-नियंत्रणात ओळीनिशी फरक दिसतो. ही फाइल माणसाने वाचण्याजोगी राहिली पाहिजे, बाकीच्या गोष्टींवर तडजोड चालेल.

ऑप्शन्स विभागातल्या काही ओळींबद्दल लिहून ठेवतो, नंतर येणाऱ्याला उपयोग होईल.

कंपॅटिबिलिटी १.१ किंवा नंतरची. याला पर्याय शोधत बसू नये.

फुल-टेक्स्ट सर्च "येस" असं स्पष्ट लिहावं लागतं. ओळ गाळली तर शोधाची अनुक्रमणिका बनतच नाही, आणि कंपायलर त्याबद्दल तक्रारही करत नाही.

बायनरी टीओसी (टीओसी म्हणजे अनुक्रमणिका) "येस". पुढचं पान, मागचं पान ही बटणं याशिवाय चालत नाहीत. आमची पानं बरीचशी क्रमाने वाचायची आहेत, त्यामुळे हे हवंच.

डीफॉल्ट टॉपिक म्हणजे फाइल नुसती उघडली तर दिसणारं पान. इथे स्वागताचं पान न ठेवता "सुरुवात कुठून करावी" हे पान ठेवलं आहे. मदत उघडणारा माणूस अडलेला असतो, त्याचं स्वागत कसलं करायचं?

एरर लॉग फाइलचं नाव दिलंच पाहिजे. बांधणी सर्व्हरवर पडद्यावरचं कुणी वाचत नाही.

नावांचा एक घोळ पहिल्या दिवशीच समजून घेतलेला बरा: एचएचसी हे अनुक्रमणिकेच्या फाइलीचं एक्स्टेंशन आहे आणि कंपायलरच्या प्रोग्रामचंही तेच नाव आहे. नवा माणूस स्क्रिप्ट वाचताना इथे हमखास अडखळतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये अनुक्रमणिकेची फाइल "टीओसी" नावाने आणि कंपायलर पूर्ण मार्गासकट लिहिला आहे.

१४ जानेवारी

पहिली बांधणी झाली. पानं आली, मजकूर आला, पण इशाऱ्यांच्या चौकटींमागची चित्रं गायब. कारण एचएचपीच्या फाइल्स विभागात आहे. कंपायलर दिलेल्या पानांमधले दुवे आणि चित्रांचे टॅग वाचून लागणाऱ्या फाइली स्वतः ओढून घेतो, म्हणून सगळं लिहायची गरज नाही असं वाटतं. पण शैली-फाइलीतून मागवलेली पार्श्वभूमीची चित्रं आणि जावास्क्रिप्टने जुळवलेले पत्ते त्याला कळत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून फाइल्स विभाग कंपायलरच्या हुशारीवर सोडायचा नाही. छोटी स्क्रिप्ट लिहिली: पानांचा आणि चित्रांचा फोल्डर चाळते, नावं अक्षरक्रमाने लावते आणि एचएचपीच्या साच्यात भरते. क्रम ठरलेला असला की दोन बांधण्यांतला फरक नजरेत येतो. हीच स्क्रिप्ट उलटही तपासते: फोल्डरात आहे पण अनुक्रमणिकेत नाही अशी पानं वेगळी काढते. काही पानं मुद्दाम अनुक्रमणिकेबाहेर आहेत, फक्त डायलॉगमधून उघडणारी. त्यांची वेगळी यादी ठेवली, नाहीतर रोज तोच इशारा येईल आणि मग कुणी इशारे वाचणारच नाही.

१५ जानेवारी

कंपायलरचा संदेश एचएचसी५०१०: सीएचएम उघडता येत नाही म्हणून बांधणी थांबली. जुनी फाइल दर्शकात उघडी असेल तर हा संदेश येतो. एचएचची प्रक्रिया बंद करून पुन्हा बांधायचं. मात्र मदत आपल्या सॉफ्टवेअरमधून उघडली असेल तर एचएचची प्रक्रिया दिसणारच नाही. ती खिडकी सॉफ्टवेअरच्याच प्रक्रियेत चालते, तेव्हा सॉफ्टवेअर बंद करावं लागतं.

१९ जानेवारी

आजचा दिवस एचएचपीतल्या विंडोज विभागाचा, म्हणजे मदतीची खिडकी कशी दिसेल ते ठरवणाऱ्या विभागाचा. एका ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेल्या किंमती, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या, आणि मधे सोळाच्या पायातले गूढ आकडे. बहुतेक लोक ही ओळ कुठल्यातरी जुन्या प्रकल्पातून उचलतात आणि देवाचं नाव घेऊन चिकटवतात. आमच्या जुन्या एका प्रकल्पातही ती तशीच होती. फोड करून ठेवली.

खिडकीच्या गुणांचा नेहमी दिसणारा आकडा ०एक्स६३५२०. हा वेगवेगळ्या खुणांची बेरीज आहे. (पुढचे सगळे आकडेही सोळाच्याच पायातले.) २० म्हणजे तीन भागांची खिडकी: वर बटणं, डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे पान. १०० म्हणजे पान बदललं की अनुक्रमणिकेतली निवड आपोआप सरकणं. ४०० शोधाचा टॅब. १००० आवडत्या पानांचा टॅब. २००० म्हणजे खिडकीच्या शीर्षकपट्टीत चालू पानाचं नाव. २०००० प्रगत शोध. ४०००० म्हणजे वापरकर्त्याने बदललेला आकार आणि जागा पाळणं. आम्ही आवडत्या पानांचा टॅब काढला, उरलं ०एक्स६२५२०. तो टॅब कुणी वापरत असल्याचं सपोर्ट टीमने कधी ऐकलेलं नाही.

बटणांचा आकडाही तसाच. ०एक्स३८७ई मध्ये लपवा-दाखवा, मागे, पुढे, थांबवा, रिफ्रेश, मुख्यपान, शोधून दाखवा, पर्याय आणि छापा एवढी बटणं येतात. स्थानिक फाइलीत थांबवा आणि रिफ्रेश यांना काही अर्थ नाही, म्हणून त्यांचे ३० वजा केले. पुढचं-मागचं पान हवं म्हणून ६००००० मिळवले. झालं ०एक्स६०३८४ई.

ही सगळी फोड एचएचपीशेजारी वेगळ्या मजकूर फाइलीत ठेवली आहे. सॉफ्टवेअरच्या कोडमध्येही खिडकीचं नाव द्यावं लागतं, फाइलीच्या नावापुढे "पेक्षा मोठं" चिन्ह आणि मग नाव. ते विकासकांना कळवलं.

२२ जानेवारी

अलियास आणि मॅप. मॅप विभागात प्रतीक आणि आकडा, अलियास विभागात प्रतीक आणि पान. कोडमधून आकडा येतो, मॅप त्याचं प्रतीक शोधतो, अलियास त्या प्रतीकाचं पान देतो. हे दोन टप्पे उगाच नाहीत: आकडे विकासकांच्या हाती, पानं लेखकांच्या हाती, आणि मधलं प्रतीक दोघांमधला करार.

मॅप आम्ही स्वतः लिहीत नाही. विकासकांची हेडर फाइल जशीच्या तशी इन्क्लूड करतो, म्हणजे आकड्याची एकच प्रत राहते. अलियास मात्र आमची. बांधणीआधी एक तपासणी चालते: हेडरमधल्या प्रत्येक प्रतीकाला अलियास आहे का, आणि प्रत्येक अलियासचं पान खरोखर फोल्डरात आहे का. पहिल्याच फेरीत बरीच अनाथ प्रतीकं सापडली, सॉफ्टवेअरमधून केव्हाच गेलेल्या डायलॉगांची. विकासक म्हणाले हेडरमधून काढतो. मी म्हटलं, आकडा काढा पण तो दुसऱ्याला देऊ नका. जुनी सीएचएम आणि नवा प्रोग्राम एकत्र असलेली यंत्रं असतातच, आणि तिथे भलतंच पान उघडण्यापेक्षा काहीच न उघडलेलं बरं.

२६ जानेवारी

बांधणी सर्व्हरवर चढवलं. लॉगमध्ये सगळं व्यवस्थित, सीएचएम तयार, आणि सर्व्हर म्हणतो बांधणी अयशस्वी. या कंपायलरची ही प्रसिद्ध खोड आहे: जगभरचे प्रोग्राम यश मिळालं की शून्य परत करतात, हा एक परत करतो. अपयशाला शून्य. नुसतं उलटं करून भागवता आलं असतं, पण या एका आकड्यावर भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं. आमची स्क्रिप्ट आधी जुनी सीएचएम पुसते, कंपायलर चालवते, मग तीन गोष्टी बघते: फाइल बनली का, तिचा आकार शून्यापेक्षा मोठा आहे का, आणि लॉगमध्ये एरर शब्दाची ओळ आहे का. एचएचसी५००३ म्हणजे एखादं पान बांधता आलं नाही. अशी एक ओळ दिसली तरी बांधणी नापास.

त्याच यंत्रावर आधी एचएचसी६००३ आला होता, आयटीआयआरसीएल या डीएलएलची नोंदणी नीट नाही असं सांगणारा. संदेशात नाव एकाचं, औषध दुसऱ्याला: वर्कशॉपच्या फोल्डरातली आयटीसीसी डीएलएल रेगएसव्हीआर३२ ने नोंदवली की प्रश्न मिटतो. नव्या यंत्राच्या तयारीच्या कागदात हे लिहिलं.

२९ जानेवारी

मराठी मदत. इथे सीएचएमची मर्यादा लागते आणि ती खरी आहे, कुठल्याही खुणेने सुटत नाही.

पानांचा प्रश्न नाही. यूटीएफ-८ मध्ये लिहा, पानाच्या डोक्यात तसं जाहीर करा, उजवीकडच्या भागात देवनागरी छान दिसते, कारण ते काम इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन करतं. पण डावीकडची अनुक्रमणिका, सूची आणि शोध ही युनिकोडपूर्व काळातली घडण आहे. ती प्रत्येक भाषेसाठी एक जुनी कोड-पेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, गृहीत धरते. रशियन, ग्रीक, जपानी यांना तशी आहे. मराठीचा भाषा-क्रमांक विंडोजमध्ये आहे, ०एक्स४४ई, तो लँग्वेजच्या ओळीत लिहिताही येतो, पण त्या क्रमांकामागे जुनी कोड-पेज नाही. विंडोजमध्ये मराठी आली तीच युनिकोडसकट. परिणामी डावीकडे प्रश्नचिन्हांची रांग.

अनुक्रमणिका रोमन लिपीत लिहावी असा एक प्रस्ताव आला. तो मला पटला नाही. मराठी मदत उघडणाऱ्याने डावीकडे रोमन आणि उजवीकडे देवनागरी का वाचावं? ठरलं असं की मराठी सीएचएमला डावा भाग द्यायचाच नाही. अनुक्रमणिका हेच एक साधं पान, प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्याचा दुवा. एफ१ चे आकडे तसेच चालतात. शोध मात्र मिळणार नाही. शोधासकट मराठी हवी असेल तर क्यूटीची आवृत्ती, आणि हे प्रसिद्धीच्या टिपेत स्पष्ट लिहायचं.

२ फेब्रुवारी

टेस्टरचा निरोप: "अनुक्रमणिका दिसते, पानं कोरी." फाइल कुठे होती? नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात. मग यात नवल नाही. सीएचएममधून स्क्रिप्ट चालते, म्हणून ती हल्लेखोरांच्याही आवडीची होती. २००५ च्या जूनमध्ये आलेल्या एमएस०५-०२६ या सुरक्षा-सुधारणेपासून दूरच्या जागेवरची सीएचएम विंडोज उघडू देत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवरही शिक्का बसतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करेपर्यंत पान कोरंच.

मॅक्सअलाउडझोन नावाची रजिस्ट्रीतली किंमत वाढवून नेटवर्कची बंदी सैल करता येते. इंटरनेटवर पहिला सल्ला तोच मिळतो. आम्ही तो देणार नाही. एका मदत-फाइलीसाठी पूर्ण यंत्राचं कुंपण वाकवायचं, ही नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली. इन्स्टॉलर फाइल स्थानिक डिस्कवर ठेवतो, तिथे काही अडत नाही. टेस्टरला सांगितलं की फाइल सुटी पाठवणार नाही, इन्स्टॉलरमधूनच तपासा.

हॅशबद्दलचा ९ तारखेचा नियमही इथेच लागू: मार्गातल्या एखाद्या फोल्डरच्या नावात हॅश असेल तरी पानं कोरी येतात. ते फोल्डर वापरकर्त्याचं असू शकतं, म्हणून सपोर्टच्या प्रश्नावलीत एक ओळ वाढवली.

५ फेब्रुवारी

क्यूटीकडची बाजू. प्रकल्प फाइल क्यूएचपी, एक्सएमएलमध्ये. नेमस्पेस, व्हर्च्युअल फोल्डर, आणि फिल्टर सेक्शनच्या आत अनुक्रमणिका, कीवर्ड, फाइली. एचएचपी, एचएचसी आणि सूचीची एचएचके या तिघांचं काम इथे एकाच फाइलीत. क्यूहेल्पजनरेटर चालवला की क्यूसीएच तयार होते, आणि ती आतून साधी एसक्यूलाइट डेटाबेस असते. एसक्यूलाइटच्या कुठल्याही साधनाने उघडून काय आत गेलं ते बघता येतं. सीएचएमच्या बंद पेटीनंतर हा मोठा दिलासा.

नेमस्पेस विचार करून ठेवावी. पानाचा पत्ता तिच्यापासून बनतो, एकदा बाहेर गेली की बदलणं महाग. आवृत्तीचा आकडा तिच्यात ठेवला आहे, म्हणजे दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात.

फाइलींच्या यादीत तारांकन चालतं. मोहक आहे, पण चित्रांच्या फोल्डरात कुणी मूळ आराखड्याच्या फाइली टाकल्या तर त्याही गुपचूप आत जातात. म्हणून इथेही १४ तारखेच्या स्क्रिप्टचीच यादी.

कीवर्डला आयडी देता येतो. तिथे अलियासमधलीच प्रतीकं दिली. विंडोजवर आकड्याने आणि क्यूटीत प्रतीकाने, पण पान तेच.

एक अडचण शैलीची. आमच्या नव्या आवृत्तीतला मदतीचा भाग क्यूटेक्स्टब्राउझरवर आहे आणि त्याला एचटीएमएल, सीएसएस यांचा मर्यादित भागच कळतो. त्यामुळे इशाऱ्यांच्या चौकटी पुन्हा साध्या तक्त्यांत. डिझाइनर नाराज. मला वाटतं पानं उलट जास्त वाचनीय झाली.

११ फेब्रुवारी

अनुक्रमणिका दोन ठिकाणी सांभाळणं टिकणार नाही हे उघड होतं. एचएचसी म्हणजे एकात एक घातलेल्या एचटीएमएल याद्या, प्रत्येक नोंदीत ऑब्जेक्ट टॅग, त्यात नाव आणि पान असे दोन पॅराम. क्यूएचपीत तेच सेक्शन टॅगांचं झाड. आता एकच मजकूर फाइल: इंडेंटने पातळी, उभ्या रेघेच्या अलीकडे शीर्षक, पलीकडे पान. स्क्रिप्ट दोन्ही बनवते. पानातलं मोठं शीर्षक आणि अनुक्रमणिकेतलं नाव वेगळं असेल तर सांगतेही. बरेच सापडले.

डॉक्सिजन किंवा स्फिंक्स का नाही, हा प्रश्न पुन्हा आला. दोन्ही साधनं एचएचपी आणि क्यूएचपी दोन्ही तयार करून देतात, आणि मजकूर त्यांच्या पद्धतीने लिहिलेला असेल तर तेच वापरावं. कोडच्या दस्तऐवजासाठी मी स्वतः डॉक्सिजनच निवडेन. इथे पानं हाताने लिहिलेली, ओळखी जुन्या, आकडे बांधलेले. साधनाला वळवण्यात जेवढा वेळ जाईल त्याहून आमच्या स्क्रिप्टा लहान आहेत.

१३ फेब्रुवारी

सूचीचे शब्द दोन प्रकरणांचे झाले. हे काम यंत्राचं नाही. "हटवणे" शोधणारा "काढून टाकणे"ही शोधतो.

१७ फेब्रुवारी

आवृत्ती-नियंत्रणात काय जाईल ते ठरलं. साचे, अनुक्रमणिकेची मजकूर फाइल, अलियास, पानं, चित्रं, स्क्रिप्टा: आत. सीएचएम, क्यूसीएच, लॉग: बाहेर. भरलेली एचएचपी खरं तर बाहेर राहायला हवी, पण मी ती आत ठेवली आहे. प्रसिद्धीच्या वेळी नक्की काय बांधलं याचा तो पुरावा, आणि बांधलेल्या सीएचएममधून एचएचपी परत मिळत नाही. उलगडून पानं, अनुक्रमणिका, सूची निघतात. प्रकल्प फाइल निघत नाही.

दोन बांधण्या ताडून बघायच्या तर सीएचएम बाइटला बाइट लावून उपयोग नाही, फाइलीच्या डोक्यातच वेळेची नोंद असते. एचएचला डीकंपाइल सांगून किंवा सेव्हन-झिपने दोन्ही उलगडायच्या आणि फोल्डर ताडायचे. स्क्रिप्ट जोडली.

२० फेब्रुवारी

मूळ वर्कशॉपला पर्याय हाताशी असावा म्हणून फ्री पास्कल या भाषेच्या साधनांबरोबर येणारा सीएचएमसीएमडी हा कंपायलर लिनक्सवर लावला. तोही एचएचपीच वाचतो, वेगळी प्रकल्प फाइल लागत नाही. प्रसिद्धीची प्रत मात्र विंडोज यंत्रावरच बांधायची, हा कंपायलर फक्त रोजच्या तपासणीसाठी.

बाकी: उरलेल्या प्रकरणांची सूची; अनाथ प्रतीकांची यादी विकासकांकडून परत यायची आहे; मराठी अनुक्रमणिकेच्या पानावर छापायची शैली. आकड्यांची फोड असलेली फाइल पुढच्या आठवड्यात सपोर्ट टीमला दाखवायची.